मारायचं, की कात्रजचा घाट दाखवायचा?

दोस्तांनो, २०१३ सालचा ‘मॅन ऑफ स्टील’ पाहिलाय? शेवटी झॉड डोळ्यांतल्या किरणांनी एका कुटुंबाला जाळायला निघतो आणि सुपरमॅन त्याची मान मोडतो. कॉमिक्समधला सुपरमॅन सहसा कुणाचा जीव घेत नाही, म्हणून यावर खूप वाद झाला. ‘पण दुसरा उपायच नव्हता!’ असं म्हणाल. खरंय, पण तो शिल्लक ठेवला नाही कुणी? पटकथा लिहिणाऱ्यानंच ना?

आता आपल्या कात्रजच्या घाटात चला. एप्रिल १६६३. लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं छाटून शिवराय निसटले. पाठलाग तर होणारच! गोष्ट अशी सांगतात, की घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून पेटवले होते. मोगल फौज त्या उजेडामागं धावली आणि राजे सिंहगडाकडे! ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणतात ते यावरूनच.

त्या रात्री महालात माणसं मेली, खानाचा मुलगाही. ते युद्ध होतं. पण साडेतीनशे वर्षं आपण चवीनं सांगतो, ती गोष्ट बैलांची. (बैलांना काय वाटलं असेल, ते मात्र विचारू नका!) मग आकाशात उडणाऱ्या सुपरमॅनला एखादी युक्ती सुचू नये?

तुम्ही झॉडला कोणता घाट दाखवला असता? आईबाबांनाही विचारून बघा.