मातीतले नाणे आणि कायद्याचे मोल

वऱ्हाडातील जुन्या गावांत पांढरीची माती खणताना, विहिरीचे काम चालू असताना किंवा ढासळलेल्या गढीचा ढिगारा उपसताना कधीतरी एखादे गाडगे हाती लागते आणि त्यातून हिरवी पडलेली नाणी निघतात. पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. चिंचेचा कोळ, विटकरीची पूड, राख किंवा तेजाब यांपैकी जे जवळ असेल त्याने ती घासली जातात. काही वर्षांपूर्वी नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी येथील एका विद्यार्थ्याने असेच एक तांब्याचे नाणे मोठ्या अभिमानाने मला दाखविले. ते टाकसाळीतून नुकतेच बाहेर पडल्यासारखे चमकत होते. मात्र त्यावरील एकही अक्षर वाचता येत नव्हते. चकाकी आली आणि नाणे गेले.

तांब्यावरील हिरवा थर हा नुसता मळ नव्हे. जमिनीतील ओल आणि क्षार यांच्याशी शतकानुशतके संयोग होऊन धातूचाच पृष्ठभाग बदललेला असतो आणि अक्षरे व चिन्हे पुष्कळदा त्या थरातच टिकून राहिलेली असतात. आम्लाने थर विरघळला की अक्षरही विरघळते. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना तर व्हिनेगरसारखे सौम्य आम्लही अपाय करते.

या अक्षरांचे मोल किती, हे आपल्याच प्रदेशाने दाखवून दिले आहे. १९३९ मध्ये आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहनांची हजाराहून अधिक नाणी सापडली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांच्या वंशावळीत नसलेली नावे प्रकाशात आली. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. एका राजाने दुसऱ्याचे चलन ताब्यात घेऊन ते आपल्या नावाने चालविले, याचा याहून बोलका पुरावा कोणता असू शकेल? ती नाणी कोणी घासली असती, तर हाती केवळ चांदी उरली असती.

तेव्हा सर्वांत सुरक्षित सफाई म्हणजे सफाई न करणे. नाणी गाडग्यासह व मातीसह जशीच्या तशी ठेवावीत, जागेची नोंद व छायाचित्र घ्यावे, एकमेकांना चिकटलेली नाणी ओढून सुटी करू नयेत आणि ती कोरड्या जागी ठेवावीत. शिशाच्या वस्तू हाताळल्यावर हात धुवावेत, कारण शिसे विषारी आहे. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी पुनःपुन्हा येऊ लागली, तर क्षारांचा रोग जडला आहे असे समजून तज्ज्ञाकडे जावे. हक्काने आपल्याकडे असलेले साधे नाणेही ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून, मऊ ब्रशाने माती काढून, नीट वाळवावे. याहून पुढे जाऊ नये.

परंतु केवळ उपदेशाने हे थांबणार नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे किमतीचा प्रश्न दिसतो. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे त्याने बंधनकारक केले. त्या काळी दहा रुपये म्हणजे दहा तोळे वजनाची चांदीची नाणी होत. माहिती लपविल्यास किंवा ओळख बुजविण्यासाठी ठेव्याचे रूप पालटल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ठेव्यावर कोणाचा पूर्वीचा हक्क सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसला, तर सापडणाऱ्यास तीन चतुर्थांश व जागेच्या मालकास एक चतुर्थांश वाटा मिळतो. मात्र सरकारने तो ठेवा घेतला, तर मोबदला धातूच्या किमतीवर ठरतो. तिच्यावर अधिक एक पंचमांश, एवढेच.

म्हणजे जे नाणे इतिहास बदलू शकते, त्याचे मोल कायदा मोडीच्या दराने करतो. १९७४ मध्ये दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्याला चार प्राचीन धातुशिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक होते. वजनाच्या हिशेबाने त्यांची किंमत काय होईल? नाणे दडविणारा दोषी आहेच. परंतु प्रामाणिकपणाला मोडीचा भाव आणि चोरट्या व्यवहाराला जास्त भाव, अशी व्यवस्था असेल तर माणसे कोठे वळतील हे सांगावयास अर्थतज्ज्ञ कशाला हवा? इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्यानुसार संग्रहालयाने ठेवा घेतल्यास बक्षीस बाजारभावाच्या आधारे ठरते. आपणही मोबदला ऐतिहासिक मोलावर ठरवावा आणि न घासलेल्या, जागेच्या नोंदीसह दिलेल्या वस्तूला अधिक द्यावा.

आपल्या भागात हा प्रश्न निकडीचा आहे. पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात भोन हे सातवाहनकालीन स्थळ येते. तेथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. जेथे खणती चालते तेथे ग्रामपंचायतीत आणि शाळेत एक साधा फलक लागावा : नाणे सापडले तर घासू नका, कळवा. मात्र कळविणाऱ्याच्या पदरात न्याय्य मोल पडण्याची हमी सरकारने आधी दिली पाहिजे.