मोजलेले गोळे, न मोजलेली माणसे

पहिल्या महायुद्धाविषयी एक समजूत वर्षानुवर्षे उगाळली जाते : १९१५ साली ब्रिटिश सैन्याला तोफगोळे कमी पडले म्हणून अपयश आले; लॉइड जॉर्ज यांनी कारखाने उभारले आणि प्रश्न सुटला. समजूत सोयीची आहे, परंतु ती अर्धसत्य आहे. आणि त्या अर्धसत्याची किंमत सामान्य सैनिकाने मोजली आहे.

टंचाई खरी होती, हे कोणी नाकारू नये. मार्च १९१५ मध्ये नव शापेलच्या लढाईत, जिथे हिंदी सैनिकही मोठ्या संख्येने लढले आणि पडले, गोळ्यांचा साठा झपाट्याने आटला. १४ मे रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ने याला वाचा फोडली. मेअखेर संमिश्र मंत्रिमंडळ आले. पाठोपाठ दारूगोळ्याचे स्वतंत्र खाते निर्माण होऊन ते लॉइड जॉर्ज यांच्याकडे गेले. ‘टाइम्स’ची तक्रार होती ती उच्चस्फोटक गोळ्यांच्या अभावाविषयी, पण लोकांच्या आणि पुढाऱ्यांच्या मनात घर करून राहिला तो केवळ ‘अधिक’ हा शब्द.

आणि ‘अधिक’ गोळे आले! सोमच्या लढाईपूर्वी, २४ जून १९१६ पासून, आठवडाभरात पंधरा लाखांहून अधिक गोळे जर्मन खंदकांवर डागले गेले. त्यांतील बहुसंख्य श्रॅप्नेलचे होते. हा गोळा हवेत फुटून शिशाच्या गोळ्यांचा वर्षाव करतो. उघड्यावरच्या माणसाला तो ठार करतो. जमिनीखाली खोल तळघरात बसलेल्याला मात्र त्याचा ओरखडाही उठत नाही. काटेरी तार तोडायची तर तो नेमक्या उंचीवर व नेमक्या क्षणी फुटावा लागतो. उच्चस्फोटक गोळ्यांपैकी कित्येक सदोष फ्यूजमुळे न फुटताच मातीत रुतले. १ जुलैला पायदळ निघाले, तेव्हा अनेक ठिकाणी तारा जागच्या जागी होत्या. त्या एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक जायबंदी, बेपत्ता वा ठार झाले. त्यांतील १९,२४० प्राणांस मुकले.

कोणी म्हणेल, एवढ्या घाईत दोष राहणारच. मान्य! पण मग ‘प्रश्न सुटला’ असे म्हणू नये. त्याच घाईने कारखान्यातील स्त्रियांनाही गिळले. टीएनटी हाताळून त्यांची कातडी पिवळी पडे, काहींचे यकृत निकामी होई. ५ डिसेंबर १९१६ रोजी लीड्सजवळच्या बार्नबो येथील स्फोटात ३५ स्त्रिया मरण पावल्या. १ जुलै १९१८ रोजी चिलवेल येथे १३४ कामगारांचा बळी गेला. उत्पादनाच्या हिशेबात या मृत्यूंसाठी रकाना नव्हता.

१९१७ साली १०६ क्रमांकाचे फ्यूज प्रचारात आले. तारेला वा जमिनीला गोळ्याचा स्पर्श होताच ते त्याला फोडी. ढिगाऱ्याने जे साधले नाही, ते या लहानशा सुधारणेने पुष्कळ अंशी साधले. म्हणजे ‘किती?’ हा प्रश्न अपुरा होता. ‘कोणता, कशासाठी आणि फुटेल काय?’ हे विचारणे अगत्याचे होते.

न फुटलेले ते गोळे आजही फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत नांगराला लागतात. मार्च २०१४ मध्ये ईपर येथे अशाच एका जुन्या गोळ्याने दोन बांधकाम मजुरांचा जीव घेतला. कारखान्याच्या वहीत तो गोळा ‘तयार माल’ म्हणून केव्हाच जमा झाला होता. त्याच्या नावावरचा खर्च मात्र शंभर वर्षांनी पडला.