तक्रारवहीतील पहिली नोंद

प्रवासी जहाजाचे तिकीट काढणारा खिडकीच्या आणि बिनखिडकीच्या खोलीचे दर ताडून पाहतो, निवलेल्या जेवणाची तक्रार नोंदवितो. ग्राहकाचा तो हक्कच आहे. पण वाढणाऱ्याची खोली या हिशेबात येत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’वर कोरोना पसरला. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत विलग ठेवले. कामगार सामायिक खोल्यांत राहून त्यांच्या दाराशी जेवण पोचवीत राहिले. त्यांत १३२ भारतीय होते.

साथ ओसरली, व्यवस्था तीच आहे. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार एका दिवसात १४ तासांपर्यंत काम घेण्याची मुभा देतो. किनाऱ्यावर आठ तासांसाठी लढलेल्या चळवळीने ती का सोसावी? स्वस्त तिकिटाची उरलेली किंमत कामगारच मोजतो. तक्रारवहीत पहिली नोंद त्याची हवी.