जिन्यातला दिवा आणि एड्सचे संशोधन

वैद्यकीय संशोधनाचे यश लोकांपर्यंत पोहोचते ते एखाद्या औषधाच्या नावाने. त्या यशासाठी रक्ताचे नमुने उणे तापमानात सांभाळणारे, औषधांचा हिशेब ठेवणारे आणि नोंदी ताडून पाहणारे जे हात राबतात, त्यांचा खर्च कोणत्या खात्यावर टाकावयाचा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. एड्सच्या संशोधनात तो आता टाळता येणार नाही.

‘एचपीटीएन ०५२’ या चाचणीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एकाला एचआयव्हीची लागण आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी १,७६३ जोडपी ९ देशांतील १३ केंद्रांवर तीत सहभागी झाली. पुणे व चेन्नई ही त्यांपैकीच. बाधिताला औषधे लवकर दिल्यास जोडीदाराचा बचाव होतो काय, एवढाच प्रश्न होता. २०११ साली अंतरिम निष्कर्ष हाती आले, तेव्हा ३९ जणांना नव्याने लागण झालेली होती. पण ती जोडीदाराकडून झाली की अन्य कोणाकडून? दोघांच्या विषाणूंची जनुकीय रचना ताडून पाहिल्याखेरीज हे कळणे अशक्य होते, आणि ते काम कोणा एका केंद्राच्या आवाक्यातले नव्हते. सामाईक प्रयोगशाळेने ते केले. २८ जणांचा विषाणू जोडीदाराचाच ठरला. त्यांत औषधे लवकर दिलेल्या गटातला अवघा १. संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हा निष्कर्ष या ताळ्यावर उभा आहे. प्रत्येक बाधिताला निदानानंतर औषधे द्यावीत, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस आणि भारताने २०१७ मध्ये स्वीकारलेले धोरण, या दोहोंना या पुराव्याचे बळ होते.

तेरा केंद्रांनी तेरा स्वतंत्र व्यवस्था उभारल्या असत्या, तर खर्च वाढला असताच. शिवाय एकाचे मोजमाप दुसऱ्याशी जुळले नसते ते निराळेच.

अडचण आहे ती वेगळीच. शीतपेटीत एका प्रकल्पाचे नमुने असोत वा पाचांचे, विजेचे बिल जवळजवळ तेवढेच येते. चाळीच्या जिन्यातला दिवा सर्वांनाच हवा असतो; तो कोणाच्या मीटरवर जळावा, यावर मात्र तंटा होतो. देणगीदारांना आपल्या नावाचा प्रकल्प हवा असतो, जिन्यातला दिवा नव्हे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केली आणि दक्षिण आफ्रिकेतील ‘ब्रिलियंट’ या एचआयव्ही लसविषयक उपक्रमाचे काम थांबले. प्रकल्प पुढे कधी तरी पुन्हा सुरू करता येतो. पण पगाराअभावी पांगलेली प्रशिक्षित माणसे पुन्हा गोळा करणे सोपे नसते.

सरकारने कायमचा खर्च पत्करला की सुस्ती येते, हा आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय आहे. इमारत, यंत्रे आणि कायम कर्मचारी यांचा भार सरकारने उचलावा आणि प्रत्येक चाचणीमागे होणारा वाढीव खर्च त्या त्या प्रकल्पाकडून शुल्करूपाने घ्यावा. शुल्क येईनासे झाले, तर सेवा कोणाला नको आहे हे वेळीच कळेल. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये सरकारी निधीतून उभी राहिली, तेव्हा ही चाचणी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे ती आली, तेव्हा पुण्यात प्रयोगशाळा होती आणि ती चालविणारी माणसेही होती.