आधी धूळपाटी, मग पान



गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. "मामा, मीही मराठी विकिपीडियावर लिहायचं म्हणतोय. सुरुवात कुठून करू?" फोनवर सांगितले ते अपुरे वाटले, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी फजिती ऐका. निवृत्तीनंतर नातीने मला संगणकावर मराठी टाइप करायला शिकवले आणि मी थेट आमच्या मेहकरच्या लेखालाच हात घातला. शारंगधर बालाजीच्या मंदिराविषयी चांगले दीड पान लिहिले. 'डोळ्यांचे पारणे फेडणारी मूर्ती', 'साऱ्या जगात अशी नाही' वगैरे. मेघंकर राक्षसाला देवाने मारले आणि त्यावरून गावाला मेहकर नाव पडले, हेही छातीठोकपणे लिहिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळे साफ! कुणीतरी ते काढून टाकले होते आणि कारण दिले होते दोनच शब्दांचे : संदर्भ नाही.

असा संताप आला म्हणून सांगू! जन्म इथे गेला, आणि आमच्या गावाची माहिती आम्हालाच विचारणारा हा कोण? दोन महिने तिकडे फिरकलो नाही.

मग एके दिवशी माझे मलाच हसू आले. आयुष्यभर इतिहास शिकवला. पोरांच्या वहीत लाल शाईने 'हे कशावरून?' असे मी किती वेळा लिहिले असेल! तोच प्रश्न मला कुणी विचारला, तर एवढे काय बिघडले?

ज्ञानकोश म्हणजे आपले मत मांडायची जागा नव्हे. डॉ. केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. तर्कतीर्थांच्या देखरेखीखाली वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. तिथे नोंद लिहायला त्या विषयाचा जाणकार बसे आणि त्याच्यावर संपादक असे. २००३ च्या महाराष्ट्रदिनी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कुणीही लिहू शकतो. मी कोण, किती शिकलो, हे तिथे कुणी विचारत नाही. मग माझ्या वाक्यावर वाचकाने विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर? छापील आधाराच्याच. म्हणून हा नियम मला आता जाचक वाटत नाही.

तरी भाच्यासाठी चार गोष्टी.

पहिली, नवा लेख लिहायची घाई नको. आधी दुसऱ्यांच्या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ सुधार, चुकलेले साल दुरुस्त कर. तिथे सरावासाठी 'धूळपाटी' नावाचे पान असते. पूर्वी पाटीवर धूळ पसरून मुले अक्षरे गिरवीत, त्यावरून हे नाव. तिथे हवे तेवढे गिरव, पुसले तरी कुणाचे नुकसान नाही.

दुसरी, विशेषण खोडून बघ. खोडल्यावर वाक्यात काही उरत असेल तरच ते वाक्य ठेव. आणि आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच लिही. मेघंकराची कथा लिहायला बंदी नाही, पण 'अशी कथा सांगितली जाते' असे म्हणावे आणि ती कुठे छापली आहे ते द्यावे. याउलट, अकबराच्या काळी मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातले एक 'सरकार' होते, याला ऐन-ई-अकबरीचा आधार आहे. दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगू नयेत.

तिसरी, पुस्तकातला उतारा उचलून डकवू नकोस. ती चोरीच. आणि हल्ली यंत्राकडून भाषांतर किंवा आख्खा लेखच लिहून घेतात, तोही शब्द न् शब्द तपासल्याशिवाय टाकू नकोस.

चौथी, कुणी खोडले तर भांडू नकोस. लेखाच्या चर्चापानावर जाऊन विचार. 'इतिहास' उघडलास की जुने सगळे तिथे जसेच्या तसे दिसते, तेव्हा फार काही हरवत नाही.

जुन्या जाणत्यांनाही एक सांगणे आहे. 'संदर्भ नाही' या दोन शब्दांनी नवखा माणूस कायमचा निघून जातो. आणखी एक ओळ लिहा, कुठे शोधावे ते सांगा. शाळेत नुसती फुली मारणारा मास्तर कुणाला आवडतो?

एक सल मात्र राहते. 'शीळ'कर्ते कवी ना. घ. देशपांडे आमच्या मेहकरचे. त्यांच्या 'खूणगाठी'ला १९८६ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे ज्ञानकोशात जाईल. पण मी त्यांना या गावात पाहिले आहे, ते पाहणे तिथे जाणार नाही. पैनगंगेकाठच्या म्हाताऱ्यांना जे ठाऊक आहे त्यातले कितीतरी कुठेच छापलेले नाही. पुण्या-मुंबईच्या गल्लीबोळांवर पुस्तके निघतात, आमच्या गावांवर किती निघाली?

यावर रुसून बसणे हा उपाय नव्हे. गावाच्या माणसांनी गावाविषयी आधी स्वतः लिहावे. जिल्ह्याच्या दैनिकात, शाळेच्या वार्षिकांकात, एखाद्या स्मरणिकेत नाव-गाव-सालासकट छापून आणावे. त्यातले तपासून जे टिकेल, ते उद्या कुणीतरी ज्ञानकोशात नेईल. बाकीचे निदान कागदावर तरी राहील.

मी सध्या तेच करतो आहे. रोज सकाळी एका म्हाताऱ्याकडे जाऊन बसतो आणि वहीत उतरवून घेतो. घाई आहे, कारण म्हातारे थांबत नाहीत. आणि आता मीही त्यांच्यातलाच!

असो. भाच्या, धूळपाटीवर भेटू.