लोण्याचे काठिण्य आणि गव्हाणीतील पामतेल

कॅनडातील लोणी घरातील उबेतही मऊ होत नाही, अशी ओरड फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. संशयाची सुई गायींच्या खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या पामतेलजन्य चरबीकडे वळली आणि 'डेअरी फार्मर्स ऑफ कॅनडा' या संघटनेला पर्याय शोधण्याचे आवाहन आपल्या सदस्यांना करावे लागले.

पामतेलातील पामिटिक आम्ल सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते. खाद्यातून ते गेले की दुधातील स्निग्धांश वाढतो, त्यात या आम्लाचा वाटाही वाढतो. ओला चारा खाणाऱ्या गायीच्या दुधात मात्र असंतृप्त आम्ले अधिक उतरतात. लोणी मऊ आणि पिवळसर होते. अर्थात, सारे खापर पामतेलावर फोडणे घाईचे. त्याचा वापर आधीपासूनच होता आणि हिवाळ्यातील लोणी तसेही घट्टच असते.

खरी मेख मोजमापात आहे. कॅनडात दुग्धोत्पादकाचा कोटाच मुळी दररोज किती किलो स्निग्धांश, असा ठरतो. कोविडकाळात घरोघरी भट्ट्या पेटल्या, लोण्याची मागणी वाढली. तेव्हा स्निग्धांश वाढविणारे खाद्य मोहक ठरणारच.

महाराष्ट्रातही दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो, आणि पामतेलापासून बनणारे 'बायपास फॅट' येथेही विकले जाते. गावच्या संकलन केंद्रावरील यंत्र फॅट किती, एवढेच दाखविते. ती कोणत्या आम्लांची, याचा रकाना दूध उत्पादकाच्या पावतीवर नाही.