समुद्रात एटीकेटी नसते!

शैक्षणिक सहलीची नोटीस लागायचा अवकाश, होस्टेलमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते अजिंठा-वेरूळ, दुसरी म्हणते कोकण! कोकण म्हटलं की मालवण आलं, आणि मालवण म्हटलं की हल्ली ‘स्कुबा’ आलंच. मेहकरहून मालवण सात-आठशे किलोमीटर. आपण पैनगंगेच्या काठची माणसं. जवळचं नावाजलेलं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर, आणि तेही पोहायचं नाही, काठावरून बघायचं! मग आपण समुद्राखाली जाऊन मासे बघायची हौस करू नये का? जरूर करावी. प्रश्न फक्त एवढाच आहे की जाताना आपली तयारी काय?

मित्रांनो, आपल्या डिग्रीसारखंच या खेळातही फर्स्ट इयर ते फायनल इयर असतं.

फर्स्ट इयर म्हणजे मालवण-तारकर्ली. शिवरायांनी 1664 मध्ये ज्याचा पाया घातला त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं हे पाणी. 1987 पासून इथे सागरी अभयारण्य आहे. साधारण पाच ते दहा मीटर खोली, खाली खडक, प्रवाळ आणि पट्ट्यापट्ट्यांचे मासे. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच खाली नेतो. पावसाळ्यात सगळं बंद.

सेकंड इयर म्हणजे रीतसर कोर्स. त्यासाठी परदेशी जायला नको. एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था तारकर्लीलाच आहे. ‘ओपन वॉटर’ हा पहिला परवाना. त्यात 200 मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगावं लागतं. मग 18 मीटरपर्यंत जायची मुभा. असा परवाना हातात असला की गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळची बुडालेली जहाजं किंवा कर्नाटकात मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट खऱ्या अर्थानं बघता येतं.

आणि फायनल इयर? आंग्रिया बँक! कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडालेलं पठार कोकण किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या वर, भर अरबी समुद्रात आहे. त्याचा माथाच पाण्याखाली वीसेक मीटरवर. चहूकडे जमीन दिसत नाही. तिथे हौशे-नवशे-गवशे यांचं काम नाही.

आता गंमत अशी की फर्स्ट इयरच्या दारात पाटी असते, ‘पोहता येत नसलं तरी चालेल’. ही पाटी खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. पाण्याखाली इन्स्ट्रक्टर आहे तोवर चालेल. पण फिजिक्स कुणासाठी थांबत नाही!

बॉइलचा नियम आठवा. पाण्याच्या पृष्ठभागावर दाब एक अॅटमॉस्फिअर. दहा मीटर खाली गेलं की दोन. तीस मीटरवर चार. म्हणजे दहा मीटरवर फुप्फुसभर हवा घेतली आणि घाबरून श्वास रोखून वर आलो, तर तीच हवा दुप्पट व्हायला बघते. तीसवरून वीसवर आलो तर ती फक्त सव्वा-दीड पटीच्या मधे कुठेतरी वाढते. म्हणजे सगळ्यात मोठा फरक पडतो तो वरच्या दहा मीटरमध्ये, जिथे नवशिके असतात तिथेच! म्हणून पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. नाक दाबून कान मोकळे करणंही याच हिशोबातलं. आणि हो, त्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी दाबून भरलेली हवा असते. वायव्हात विचारलं तर निम्मा वर्ग इथेच उडेल.

पण खरा धोका पाण्याखाली कमी आणि वर जास्त आहे, आणि हे मला जास्त कळकळीनं सांगायचंय. एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर सहलीला आलेल्या बेळगावच्या अभियांत्रिकी कॉलेजचे आठ जण बुडाले. ते स्कुबा करत नव्हते, किनाऱ्यावर पाण्यात उतरले होते. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कुबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यांचं डायव्हिंग तर आधीच संपलं होतं. ‘पोहता येत नसलं तरी चालेल’ ही पाटी बोटीला लागू नाही आणि लाटेलाही नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : स्कुबाचं फर्स्ट इयर मालवणला नाही, मेहकरातच सुरू होतं. आपल्या आजोबांच्या पिढीला पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलायचे आणि आठ दिवसांत पोरगं पोहायला लागायचं. आता विहिरी आटल्या, बुजल्या, आणि शिकवणारेही कामाधंद्यात अडकले. पोरींना तर तेव्हाही कुणी विहिरीत उतरू दिलं नाही. त्यामुळे आज सहलीच्या बसमध्ये ‘पोहता येते का बे?’ विचारलं की पाच-सहा हात वर येतात, आणि लेडीज सीटवरून एखादाच. ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

कुणी म्हणेल, हे सिलॅबसमध्ये कुठे आहे? अरे, गॅदरिंगचा डान्स तरी कुठे सिलॅबसमध्ये असतो! त्याला महिनाभर प्रॅक्टिस करतोच ना? मग सहलीआधी तेवढेच दिवस, जिमखान्यामार्फत, जवळच्या तरणतलावावर एक बॅच मुलांची आणि एक मुलींची लावायला काय हरकत आहे? लेडी इन्स्ट्रक्टर मिळाली तर घरूनही परवानगी मिळेल. सरांनीही उतरावं, वयाची अट नाही! ज्यांना नाहीच जमलं त्यांनी मालवणला जावं, इन्स्ट्रक्टरचा हात धरून मासे बघावेत, पण बोटीत लाइफ जॅकेट काढू नये. स्थानिक कोळी ‘इथे उतरू नका’ म्हणाले तर उतरू नये, ग्रुप फोटो राहिला तरी चालेल.

एम-थ्री राहिला तर पुढच्या सेमला काढता येतो. समुद्र मात्र री-एक्झाम घेत नाही. तेव्हा दोस्तहो, मालवणला जाऊच. फक्त अभ्यास करून जाऊ!